निहालीचा आवाज आणि त्याचा पत्ता

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने गोळा केलेली सामग्री पुढे कोठे ठेवली जाणार, असा प्रश्न मौखिक परीक्षेत क्वचितच विचारला जातो. विचारलाच, तर ‘सर्व ध्वनिमुद्रण डिजिटल स्वरूपात सुरक्षित आहे’ एवढ्या उत्तराने परीक्षकाचे समाधान होते. या वाक्यातील ‘डिजिटल’ आणि ‘सुरक्षित’ ही दोन पदे एकमेकांची पर्यायवाचक आहेत, अशी समजूत आपल्या विभागांमध्ये रूढ झाली आहे. ती समजूत कितपत साधार आहे, हे एका भाषेच्या उदाहरणाने तपासावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. समीक्षा सामान्यतः ग्रंथाची होते. येथे ती एका भाषेच्या उपलब्ध पुराव्याची, म्हणजे तो पुरावा कोणत्या रूपात टिकला, कोणासाठी टिकला आणि त्यातले काय गळून गेले याची आहे.

ती भाषा म्हणजे निहाली. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या पुष्कळांना ही भाषा आपल्याच जिल्ह्यात बोलली जाते हे ठाऊक नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावारा, वसाली या गावांत आणि पलीकडे मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर भागात तिचे भाषक आहेत. १९९१ च्या सुमारास त्यांची संख्या अदमासे २,००० धरली जात असे. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत १९७१ पासून स्वतंत्रपणे छापले जात नाहीत. त्यामुळे सरकारी कोष्टकात निहाली ‘इतर’ या रकान्यात विरून जाते. तिचे भाषक भोवतालच्या व्यवहारासाठी कोरकू, मराठी व हिंदी बोलतात, आणि निहालीच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग या शेजाऱ्यांकडून, मुख्यतः कोरकूकडून, आलेला आहे. परंतु उसना भाग वेगळा काढल्यावर जे उरते ते ना मुंडा, ना द्राविडी, ना आर्य. डोळ्याला ‘जिकि’ आणि पाण्याला ‘जोप्पो’ म्हणणारी ही भाषा कोणत्याही ज्ञात कुलात बसत नाही. मराठीची एखादी बोली लुप्त झाली तर तिच्या भगिनींवरून तिच्याविषयी काही अनुमान तरी करता येते. निहालीला भगिनी नाही. तिच्याविषयी जे नोंदले जाईल तेवढाच पुरावा. जे नोंदले जाणार नाही ते अनुमानानेही परत मिळणार नाही. म्हणूनच संग्रहाच्या प्रश्नाची कसोटी येथे जितकी कठोर लागते तितकी अन्यत्र लागत नाही.

या भाषेच्या अभ्यासाचा इतिहास लहान आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निमाडातील नहालींच्या बोलीची माहिती दिली आणि तिला कोरकूच्या शेजारी बसविले. १९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी त्या तुटपुंज्या सामग्रीवर एक निबंध लिहिला. सुधिभूषण भट्टाचार्य यांची क्षेत्रीय टिपणे १९५७ मध्ये ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात आली, आणि १९६२ मध्ये एफ. बी. जे. कायपर यांचा तौलनिक अभ्यास ॲम्स्टरडॅमहून प्रसिद्ध झाला. पुढे आशा मुंडले यांनी शब्दसंग्रह सिद्ध केला (१९९६), आणि के. एस. नागराज यांचा व्याकरण, संहिता व शब्दकोश असा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये काढला.

या परंपरेत कायपर यांचा ग्रंथ सर्वांत अधिक चर्चिला गेला. सुमारे एक-चतुर्थांश शब्दांचा कोठेही संबंध लागत नाही, हे त्यांनी चिकाटीने दाखविले. पण त्याच विवेचनात, निहालीचे वेगळेपण काही अंशी सांकेतिक भाषेचे असावे, इतरांना कळू नये म्हणून शब्द मुद्दाम बदललेले असावेत, अशीही शक्यता त्यांनी मांडली. ही शक्यता खरी की खोटी, हे ठरवायचे कसे? सांकेतिक भाषा आणि घरातली भाषा यांतील फरक शब्दकोशात दिसत नाही. तो वापरात दिसतो. आई मुलाला निजवताना, दोन म्हाताऱ्या भांडताना, कोणी परका आल्यावर आणि तो गेल्यावर माणसे काय व कशी बोलतात, हे ऐकल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. कायपर यांच्यापुढे प्रामुख्याने छापील सामग्री होती. त्यांच्या तर्काची तपासणी करण्याचे साधन त्यांनाही उपलब्ध नव्हते आणि त्यांच्या वाचकांनाही नव्हते. तरी तो तर्क साठ वर्षे उद्धृत होत राहिला, आणि त्यायोगे एका दरिद्री जमातीच्या भाषेभोवती गुप्ततेचा, क्वचित गुन्हेगारीचाही, वास रेंगाळत राहिला. पुराव्यातील उणिवेची किंमत संशोधक देत नाही, भाषक देतात, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

कागदाविषयी मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९०६ चा तो खंड आजही कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात हातात घेऊन वाचता येतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, आज्ञावली लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. तो आवाज देत नाही एवढेच.

आवाजाची सोय ग्रियर्सन यांनी केली नाही असे नाही. १९१३ ते १९२९ या काळात प्रांतोप्रांतीच्या सरकारांमार्फत त्यांनी अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करविल्या. उधळ्या पुत्राची गोष्ट त्यांतही पुनःपुन्हा ऐकू येते. या तबकड्यांच्या प्रती एकाहून अधिक संस्थांकडे गेल्या, आणि आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयामार्फत त्या घरबसल्या ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लाखेच्या तबकडीवर ओरखडा पडला असेल तर दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो, पण वक्ता बोलतच राहतो. डिजिटल फाईलचा स्वभाव निराळा आहे. तिच्यातील मोक्याचे काही अंक बिघडले तर वक्त्याचा आवाज घोगरा होत नाही. फाईल उघडतच नाही. तबकडी म्हातारी होते, फाईल अकस्मात मरते. आणि मृत्यूची बातमी कोणी ती उघडावयास जाईपर्यंत कोणालाच कळत नाही.

यंत्रांची गोष्ट याहून निकडीची आहे. डिजिटल ध्वनिफितीचे ‘डॅट’ हे साधन १९८७ मध्ये आले आणि सोनी कंपनीने त्याची यंत्रे करणे २००५ मध्ये थांबविले. मिनिडिस्क १९९२ मध्ये आली, २०१३ मध्ये गेली. साध्या कॅसेटी व स्पूलच्या फिती आज कपाटात धडधाकट दिसतात, पण त्या वाजविणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर झपाट्याने दुर्मिळ होत आहेत. युनेस्को व ध्वनिचित्र-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा दिला तो याचसाठी. २०२५ च्या सुमारानंतर अशा फितींचे नियमित पुनर्वादन बहुतेक ठिकाणी अशक्यप्राय होईल, असा त्या क्षेत्रातील जाणकारांचा अंदाज होता. ते वर्ष आता आलेच आहे. ज्या विभागांच्या कपाटांत १९७० ते २००० मधील क्षेत्रीय कॅसेटी पडून आहेत, त्यांनी या वाक्यापुढे थोडे थांबावे.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. २००७ च्या उन्हाळ्यात प्रबंधासाठी मी बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडीचे नमुने मिनिडिस्कवर घेत होतो. हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभागलेला आहे, आणि बोलीही त्या घाटाने कमीअधिक दुभागली जाते. ‘डोळा’ला ‘डोया’, ‘मला’ला ‘मले’ ही वऱ्हाडीची ठळक लक्षणे. ती दक्षिणेकडे, जालना जिल्ह्याच्या दिशेने, कोठवर टिकतात व कोठे मावळतात, हा माझा प्रश्न होता. एका वृद्ध बाईने सत्तेचाळीस मिनिटे दुष्काळातल्या आठवणी सांगितल्या. त्या बोलण्यात ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही रूपे येतात, कधी एकाच वाक्यात. अशा नमुन्यासाठी बोलीचा अभ्यासक महिनोन्‌महिने हिंडतो.

यंत्राने त्या मुद्रणाला ‘०१४’ असे नाव दिले. बाईंचे नाव, गाव, वय, माहेर, सासर हे सर्व एका वहीत होते. पुढे मुद्रण संगणकावर घेतले, संगणकावरून हार्ड डिस्कवर, तीवरून दुसऱ्या डिस्कवर. वही ज्या खोलीत इतर कागदांबरोबर ठेवली होती तेथे एका पावसाळ्यात पाणी शिरले. आवाज आजही स्वच्छ ऐकू येतो. एकही शब्द गेलेला नाही. परंतु हे मुद्रण मला कोणत्याही नकाशावर ठेवता येत नाही. गाव घाटावरचे, सीमेलगतचे असेल तर ‘मले–मला’ हे मिश्रण त्या गावाचे. घाटाखालचे असेल तर ते त्या बाईच्या माहेराचे किंवा तिच्या आयुष्याचे. पहिल्या पक्षी सीमारेषा एका बाजूस सरकते, दुसऱ्या पक्षी ती आहे तेथेच राहते. प्रबंधात मला तो नमुना वगळावा लागला. शिवाय मिनिडिस्क ध्वनी दाबून लहान करून साठवीत असे, त्यामुळे सूक्ष्म ध्वनिविश्लेषणाला ती सामग्री मुळातच अपुरी होती. पण या दुसऱ्या दोषाचे दुःख पहिल्यापुढे काहीच नाही.

या अनुभवावरून मी असे समजू लागलो आहे की, संग्रहात सर्वप्रथम मरतो तो आवाज नव्हे, तर आवाजाचा पत्ता. साधनांच्या चर्चेत आपण डिस्क, ढग आणि क्षमता यांविषयी पुष्कळ बोलतो. पत्त्याविषयी, म्हणजे कोण, कोठे, केव्हा, कोणापुढे, कोणत्या परवानगीने या नोंदींविषयी, कमी बोलतो. कारण ते काम कंटाळवाणे आहे आणि त्याला यंत्र चालत नाही.

आता निहालीकडे परत येऊ. डेक्कन महाविद्यालयातील प्रा. शैलेन्द्र मोहन यांनी गेल्या दशकात निहालीचे ध्वनि-चित्रमुद्रण करून तो संग्रह लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयातील लुप्तप्राय भाषांच्या अभिलेखागारात ठेवला. निहालीच्या अभ्यासाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व कायपर यांच्या ग्रंथाहून कमी नाही, असे मला वाटते. पहिल्यांदाच पुरावा आणि निष्कर्ष वेगळे ठेवले गेले. कोणीही उद्याचा अभ्यासक मोहन यांचे म्हणणे न मानता त्यांचीच सामग्री ऐकून निराळे म्हणू शकतो. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व कोठे अर्थभेदक आहे, हा प्रश्न कोणाच्या लेखनपद्धतीवर अवलंबून न राहता कानाने व यंत्राने तपासता येतो. अशा अभिलेखागारांत मुद्रणासोबत वाक्यावाक्याला काळाची खूण जोडलेले लिप्यंकन असावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी वापरले जाणारे ‘इलॅन’ हे साधन आपली नोंद साध्या, मोकळ्या मजकुराच्या स्वरूपात ठेवते. उद्या ते साधन नाहीसे झाले तरी तो मजकूर वाचता येईल. ही बाब तांत्रिक वाटली तरी गौण नाही. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

२०२१ मध्ये हे अभिलेखागार लंडनहून बर्लिनच्या विज्ञान अकादमीकडे गेले. भाषा तीच, मुद्रण तेच, घर बदलले. या स्थलांतरातून दोन परस्परविरुद्ध बोध निघतात आणि दोन्ही खरे आहेत. एक असा की, डिजिटल संग्रहाचे बळ त्याच्या नक्कलक्षमतेत आहे. ग्रंथसंग्रह हलविताना पाने फाटतात, पेट्या हरवतात. येथे बर्लिनची प्रत लंडनच्या प्रतीशी अंकाअंकाने जुळते की नाही हे सिद्ध करता येते. फाईलमधील सर्व अंकांवरून ठराविक गणिताने एक लहानशी खूण काढतात, तिला चेकसम म्हणतात. एक अंक बदलला तरी खूण निराळी येते. दुसरा बोध असा की, संग्रहाचे आयुष्य डिस्कच्या आयुष्यावर नव्हे, तर संस्थेच्या निर्णयावर अवलंबून असते. त्या वर्षी एक संस्था जबाबदारी सोडत असताना दुसरी ती घ्यावयास पुढे आली म्हणून सर्व काही नीट झाले. कोणी पुढे आले नसते तर उत्तमातील उत्तम फाईल काय करणार होती?

आणि या दोन्ही वेळी निर्णय झाला तो जळगाव जामोदपासून काही हजार मैलांवर. हा दोष प्रा. मोहन यांचा नाही, अभिलेखागाराचाही नाही; आपल्याकडे तशी सामग्री निश्चिंतपणे ठेवावी असे ठिकाण त्यांना जवळ मिळाले नाही, यात दोष असलाच तर आपला आहे. तरीही परिणाम पाहिला पाहिजे. सोनबर्डीच्या एखाद्या मुलाला आपल्या आजोबांचे बोलणे ऐकावयाचे असेल, तर त्याला ते इंग्रजी वर्णनांच्या आधारे शोधावे लागेल, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागेल, आणि मुळात असे काही अस्तित्वात आहे हे कोणीतरी त्याला सांगावे लागेल.

डिजिटल जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात, ज्याचा क्रमांक आयएसओ १४७२१ आहे, एक कल्पना फार विचारपूर्वक मांडली आहे. त्या प्रमाणकाच्या मते सामग्रीचे जतन म्हणजे केवळ अंकांचे जतन नव्हे. ज्या समुदायासाठी ती ठेवली आहे त्या समुदायाला, मूळ निर्मात्याच्या मदतीवाचून, ती समजत राहिली पाहिजे. तरच ती जतन झाली असे म्हणावे. तेव्हा पहिला प्रश्न ‘कशावर ठेवावे’ हा नसून ‘कोणासाठी ठेवावे’ हा आहे. निहालीचा समुदाय कोणता मानावयाचा? जगभरचे भाषाशास्त्रज्ञ हाच समुदाय मानला तर इंग्रजी नोंदी पुरेशा आहेत आणि बर्लिनचा संग्रह त्या कसोटीला उतरतो. निहाली भाषक हा समुदाय मानला तर नोंद मराठीत हवी, हिंदीत हवी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती बोललेली हवी. त्या कसोटीने पाहता निहालीचा आवाज सुरक्षित आहे आणि जतन मात्र झालेला नाही. हे विधान कठोर वाटेल, पण प्रमाणकाच्या शब्दांशी ते प्रामाणिक आहे.

सामग्री असणे आणि ती समजणे यांतील अंतर मराठीच्या अभ्यासकाला नवे वाटू नये. आपल्या वाङ्मयात याचे एक ढळढळीत उदाहरण आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सामग्री गोळा केली ती आजच्या क्षेत्रीय अभ्यासकाला लाजवील अशा पद्धतीने: ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, एकाची आठवण दुसऱ्याकडून पारखून. लीळांना स्थळे आहेत. आपल्या जिल्ह्यातील लोणार व मेहकर त्यांत येतात. पाठभेद कोणाचा हे सांगण्याची प्रथाही त्या संप्रदायात होती. म्हणजे आवाजासोबत पत्ता होता. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत उतरविले. पोथ्या अनेक मठांत पुनःपुन्हा नकलल्या गेल्या, म्हणून टिकल्या. परंतु संप्रदायाबाहेरच्या महाराष्ट्राला त्या शतकानुशतके मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी कै. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा जाहीर केला तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे एक अख्खे दालन एकाएकी उघडले. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे सुपुत्र डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या पडताळून लीळाचरित्राची संपादित प्रत १९७८ मध्ये सिद्ध केली, ती त्यानंतरची पायरी.

या इतिहासातून डिजिटल संग्राहकाने घ्यावयाची गोष्ट अशी. पोथी शाबूत असूनही किल्लीवाचून ती बंद राहते. आणि सकळ लिपीची किल्ली नष्ट झाली नाही याचे कारण ती जपणारा जिवंत संप्रदाय होता. एखाद्या कंपनीच्या खाजगी, अप्रकाशित स्वरूपात ठेवलेले ध्वनिमुद्रण ही आजची सकळ लिपीच होय, फरक इतकाच की तिच्यामागे संप्रदाय नाही. कंपनीने ते उत्पादन बंद केले की किल्लीही गेली. म्हणून ध्वनी न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावा, किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाने, असा वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक आहे. ते स्वरूप सर्वांस ठाऊक आहे आणि कोणाच्या मालकीच्या रहस्यावर अवलंबून नाही. चित्रमुद्रणाची स्थिती अधिक बिकट आहे, कारण कॅमेऱ्यांची स्वरूपे वरचेवर बदलतात आणि न दाबलेले चित्र प्रचंड जागा खाते. मोबाईलवर घेतलेले चित्रमुद्रण संदेशामार्फत पाठवून ‘जपून ठेव’ असे सांगणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. पाठविताना ते चित्र पुनश्च दाबले जाते, तारीख-वेळ गळते, आणि मूळ प्रत नव्या फोनसाठी जागा करण्याकरिता पुसली जाते.

पत्ता कसा जपावा याचा मराठीतील सर्वांत मोठा धडा जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने घालून दिला आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील, आणि काही कर्नाटकातील, हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल हे संगीतज्ञ-अभियंते त्यांना मिळाले व सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये वारले, राईरकर २०१० मध्ये. एरवी येथेच संग्रहाचा अंत व्हावयाचा. पण प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव, गाव, विषय जोडलेले होते, म्हणून तो संग्रह त्याला न घडविणाऱ्या माणसांच्याही हाती देता आला. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या. तेथील मंडळी जुन्या नोंदी हाती घेऊन गावोगाव परत गेली, हयात असलेल्या बायांना भेटली, पुन्हा मुद्रण केले. वीस वर्षांनी त्याच दारात परत जाता येणे, हे नोंदपत्राचे सामर्थ्य आहे. माझ्या ‘०१४’ ला ते नव्हते. संकेतस्थळ म्हणजे अभिलेखागार नव्हे, हा आक्षेप तेथेही लागू पडतो आणि त्याचा विचार संबंधितांनी केला असेलच. परंतु ‘कोणासाठी’ या प्रश्नाचे उत्तर त्या कामाने जितके स्पष्ट दिले तितके आपल्या विद्यापीठीय संग्रहांनी दिलेले नाही.

यावर एक आक्षेप वारंवार ऐकू येतो की, भाषा बोलणाऱ्यांच्या मुखी टिकावी. संग्रह म्हणजे भाषेचे स्मशान. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जितके टाळ्या मिळवते तितके खरे नाही. निहाली बोलणारी मुले शाळेत मराठी शिकतात, बाजारात हिंदी व मराठी बोलतात. ती कोणती भाषा ठेवतील हा त्यांचा अधिकार आहे, तुमचा-माझा नव्हे. त्यांनी उद्या आपल्या भाषेकडे वळावयाचे ठरविले तर त्यांच्या हाती काही असावे, एवढेच आपल्याला करता येण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सर्वच काही सर्वांना खुले असावे काय? ज्या जमातीच्या भाषेला विद्वानांनी एकदा सांकेतिक ठरविले, तिच्या भांडणांचे, शिव्यांचे, घरगुती गाऱ्हाण्यांचे मुद्रण कोणीही कोठेही ऐकावे हे योग्य नव्हे. प्रवेशाच्या पायऱ्या असाव्यात, आणि त्या ठरविताना भाषकांना विचारले जावे. परवानगीची नोंद हाही पत्त्याचाच भाग आहे.

आपल्या विभागापुरते बोलावयाचे तर, पुढील काही गोष्टी पुढच्या वर्षापासून सहज करता येतील. प्रबंधासोबत ध्वनिसामग्री जमा केल्यावाचून प्रबंध स्वीकारू नये. क्षेत्रीय वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी घ्यावे, आणि मुद्रणाच्या आरंभीच वक्त्याचे नाव, गाव व तारीख तोंडाने उच्चारावी. वही बुडाली तरी आवाज आपला पत्ता स्वतः सांगेल. ही शेवटची युक्ती फुकट आहे आणि मला ती अठरा वर्षांपूर्वी कोणी सांगितली नव्हती. प्रती किमान तीन असाव्यात व त्या एका इमारतीत नसाव्यात. चेकसमची पडताळणी दरवर्षी व्हावी आणि हे काम व्यक्तीला नव्हे तर पदाला नेमून द्यावे, कारण व्यक्ती निवृत्त होते. निहालीपुरती बर्लिनला विनंती करून एक प्रत जिल्ह्यात, शक्य तर जळगाव जामोदमध्येच, मराठी नोंदींसह आणावी. त्या नोंदी लिहिण्यास आपल्याकडे विद्यार्थी आहेत. निहाली समजून सांगणारे भाषक अद्याप आहेत.

‘०१४’ च्या बाबतीत मागील हिवाळ्यात मी एक प्रयत्न केला. ते मुद्रण घेऊन घाटावरच्या चार गावांत गेलो व जुन्या माणसांना ऐकविले. एका गावात एका आजींनी ते दोनदा ऐकले आणि म्हणाल्या, “आवाज वळखीचा हाय, पन मानूस ध्यानात येत नाई. बोलनं मात्र घाटाखालचं.” पुढच्याच गावात एका गृहस्थांनी पहिली दहा मिनिटे ऐकून ठामपणे सांगितले की ही बाई आमच्याच शिवेतली, त्यांच्या वाड्यावर कामाला येत असे, तिचे माहेर कोणते ते त्यांना सांगता आले नाही. नोंदपत्रावर सध्या ‘गाव: अनिश्चित’ असे लिहून त्याखाली ही दोन्ही विधाने, ती देणाऱ्यांच्या संमतीने व तारखेसह, उतरविली आहेत. घाटाखालची गावे अजून राहिली आहेत.